जावा गेल्यानंतरचे ओएकाकी बोर्ड: पेंटबीबीएस आणि निओ यांचे प्रकरण

जपानमधील इंटरनेटवर २००० सालाच्या आसपास ओएकाकी बोर्ड नावाचा प्रकार रूढ झाला. ओएकाकी म्हणजे हौसेखातर, सहज काढलेली चित्रे आणि बोर्ड म्हणजे कोणीही येऊन आपली नोंद ठेवावी असे सामायिक पान. या पानावर येणाऱ्याने आधी दुसरीकडे चित्र काढून ते येथे चढवावे, अशी अपेक्षा नसे. पानातच एक छोटा चित्रकला-प्रोग्राम उघडे, त्यात माऊसने चित्र काढायचे, पाठवण्याचे बटण दाबायचे आणि नाव, दोन ओळींचा मजकूर व पुढे चित्र काढून टाकता यावे म्हणून एक गुप्त शब्द भरला की ते चित्र पानाच्या माथ्यावर दिसू लागे. चित्राखाली ते काढायला किती मिनिटे लागली याची नोंद येई आणि पाहणारे तेथेच अभिप्राय लिहीत.

हे बोर्ड ज्या प्रोग्रामांवर चालत, ते बहुतेक जावा ॲप्लेट होते. म्हणजे ब्राउझरच्या पानात उतरून, संगणकावर बसवलेल्या जावाच्या आधाराने चालणारे छोटे प्रोग्राम. त्यांपैकी सर्वाधिक परिचित असलेल्यांत ‘शी-चान’ या टोपणनावाच्या जपानी प्रोग्रामरचे पेंटबीबीएस आणि त्याच लेखकाचे अधिक साधने असलेले शी-पेंटर ही दोन नावे येतात. सन २०१३ ते २०१७ या काळात प्रमुख ब्राउझरांनी जावाला आपल्या पानांतून टप्प्याटप्प्याने बाहेर काढले आणि जे बोर्ड तोपर्यंत टिकून होते त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला: चित्र काढण्याची खिडकीच उघडत नसेल तर बोर्ड चालवायचा कशावर? त्यावर आलेल्या उत्तरांपैकी पेंटबीबीएस निओ हे उत्तर या अभ्यासाचा विषय आहे, कारण ते सुधारणेच्या मोहात न पडता जुन्या प्रोग्रामचे रूप, त्याची साधने आणि त्याच्या मर्यादा अशा तिन्ही गोष्टी हुबेहूब पुन्हा उभ्या करणारे उत्तर होते. तो निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे. मात्र त्यामुळे नेमके काय टिकले आणि काय टिकले नाही, हे वेगवेगळे पाहावे लागते.

खिडकीतील साधने आणि त्यांच्या मर्यादा

पेंटबीबीएसचा कॅनव्हास लहान असे. ३०० गुणिले ३०० ठिपके हा सर्रास दिसणारा आकार. याहू! बीबी या सेवेने जपानमध्ये स्वस्त एडीएसएल, म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी वेगवान इंटरनेट जोडणी आणली ती २००१ साली, त्यामुळे सुरुवातीच्या काळात फाइल लहान राखणे ही गरजच होती. चित्र पीएनजी स्वरूपात ठरावीक किलोबाइटांच्या पलीकडे गेले तर ते जेपीईजी करून पाठवावे, अशी सोयही प्रोग्राममध्ये होती. लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, दोनच. रंगपेटीत १४ खाने, त्याशिवाय लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांच्या सरकत्या पट्ट्या. पेन्सिल, जलरंग, टोन, धूसर करणे, उजळवणे, गडद करणे, खोडणे, चौकोन, लंबवर्तुळ, आडवी-उभी उलट आणि मुक्त, सरळ किंवा वक्र रेषा ही साधने उजवीकडे एका अरुंद पट्टीत मांडलेली असत. पेनाच्या दाबाप्रमाणे रेषा जाड-बारीक होण्याची सोय नव्हती. टॅब्लेट असलेल्यालाही माऊसवाल्याइतकीच एकसारखी रेषा मिळे.

या यादीत बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात न येणारी, पण बोर्डवर मुरलेल्यांच्या कामाचा कणा असलेली गोष्ट म्हणजे मास्क. एखादा रंग मास्क म्हणून निवडला की कॅनव्हासवर जेथे जेथे नेमका तो रंग आहे तेथे ब्रश चालत नसे. उलट मास्क लावला तर फक्त त्या रंगावरच ब्रश चाले. दोनच लेयर हाताशी असताना बाह्यरेषा एका ठरावीक तपकिरीत काढून, तिला मास्क लावून, कातडी, केस आणि कपडे बिनधास्त रंगवणे ही त्यातून तयार झालेली पद्धत. ठिपक्या-ठिपक्यांच्या टोनने सावली देणे आणि कडेच्या पायऱ्या तशाच ठेवणे यांमुळे पेंटबीबीएसमधील चित्र दुरूनही ओळखू येई. या शैलीचे श्रेय चित्रकारांच्या रुचीला जितके आहे तितकेच त्या अरुंद पट्टीला आहे आणि पुढील निर्णय समजून घेताना हे विसरून चालत नाही.

बोर्डचालकाच्या हातीही काही दोऱ्या होत्या. किमान किती वेळा माऊस दाबला गेला पाहिजे आणि किमान किती सेकंद चित्र काढले गेले पाहिजे, हे आकडे तो ॲप्लेटला आधीच देऊ शके. त्यापेक्षा कमी श्रमात कोणी चित्र पाठवायला गेला तर त्याला दुसऱ्याच पानावर पाठवले जाई. एक रेघ ओढून बोर्ड घाण करणाऱ्यांवरचा हा उपाय होता. मजकुरी चर्चेत टवाळखोराला आवरण्यासाठी माणूस नेमावा लागतो, येथे त्या कामाचा मोठा भाग दोन आकड्यांनी होत असे, ही मला या संपूर्ण रचनेतील सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

आणखी एक सोय या प्रकरणाच्या मुळाशी आहे. बोर्डचालकाने तसे ठरवले असेल तर पेंटबीबीएस चित्रासोबत चित्र काढण्याची नोंदही पाठवत असे. ही नोंद पीसीएच या प्रत्यय-नावाच्या फाइलमध्ये साठे आणि चित्राशेजारच्या दुव्यावर टिचकी मारली की पहिल्या रेघेपासून शेवटच्या ठिपक्यापर्यंतचे चित्र पाहणाऱ्यासमोर पुन्हा काढले जाई. शी-पेंटरची अशीच, पण वेगळ्या रचनेची फाइल एसपीसीएच म्हणून ओळखली जाई. नवख्याला वरच्या दर्जाच्या चित्रकाराचा हात कसा चालतो हे पाहता येई आणि चित्र खरोखर त्यानेच काढले का, हा वादही तेथेच मिटे. नोंदीचा आणखी एक उपयोग होता: अर्धवट चित्र पुढे चालवताना ते नुसत्या चित्रावरून उघडले तर दोन्ही लेयर एकत्र झालेले मिळत, नोंदीवरून उघडले तर लेयर वेगवेगळे मिळत.

फुताबा चॅनेलसारख्या २००१ पासून चालत आलेल्या मोठ्या जपानी ठिकाणी ओएकाकीला स्वतंत्र जागा होती, पुढे २००३ साली सुरू झालेल्या इंग्रजी फोरचॅननेही तशी जागा ठेवली. परंतु या संस्कृतीचा खरा विस्तार लहान बोर्डांत होता. बीबीएसनोट, पोटी-बोर्ड, इंग्रजी वापरकर्त्यांसाठी ओएकाकी पोटेटो अशा तयार स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरवर बोर्ड चालवणारे छोटे प्रोग्राम, मिळत; साधी होस्टिंग-जागा असलेला कोणीही हौशी माणूस त्यांतील एक चढवून, ॲप्लेटची फाइल शेजारी ठेवून, एका संध्याकाळी बोर्ड सुरू करू शके. अशा बोर्डवर येणारी मंडळी मोजकीच असत आणि एकमेकांना त्यांच्या रेषेवरून ओळखत.

जावा बाहेर जाण्याचा क्रम

या बोर्डांच्या ऱ्हासाचे सगळे खापर जावावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. सप्टेंबर २००७ मध्ये पिक्सिव्ह हे चित्रे मांडण्याचे जपानी संकेतस्थळ सुरू झाले, २००८ मध्ये पेंटटूल साय हा संगणकावरचा चित्रकला-प्रोग्राम बाजारात आला, आणि चांगले चित्र निवांतपणे स्वतःच्या संगणकावर काढून मोठ्या वाचकवर्गासमोर ठेवण्याचा मार्ग खुला झाला. ज्यांना नाव कमवायचे होते ते तिकडे गेले. मागे राहिले ते लहान कॅनव्हास, मोजके सोबती आणि पुसण्याच्या भीतीविना काढलेले चित्र यांतच ज्यांना गोडी होती असे लोक. जावाचा आघात झाला तो या उरलेल्या वर्तुळावर.

आघाताचे कारण चित्रकलेशी काडीमात्र संबंध नसलेले होते. एप्रिल २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या दुष्ट प्रोग्रामने जावातील एका त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ६ लाख मॅक संगणक बाधित केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१३ मध्ये दुरुस्ती उपलब्ध होण्याआधीच वापरल्या जाणाऱ्या नव्या त्रुटी उघड झाल्या आणि अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला जाहीरपणे दिला. जावाची मालकी असलेल्या ओरॅकलने मग दारे आवळायला सुरुवात केली. जानेवारी २०१४ मधील जावा ७ अपडेट ५१ पासून, विश्वासार्ह संस्थेच्या प्रमाणपत्राने स्वाक्षरी न केलेली ॲप्लेट नेहमीच्या सुरक्षा-पातळीवर चालेनाशी झाली. चालवायचीच असतील तर वापरकर्त्याने जावाच्या नियंत्रण-पटलात जाऊन त्या संकेतस्थळाचे नाव अपवादांच्या यादीत स्वतः घालायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या जावा ८ अपडेट २० मध्ये सुरक्षेची मध्यम पातळी निवडण्याचा पर्यायही गेला. महाराष्ट्रात ज्यांनी त्या वर्षांत डिजिटल स्वाक्षरी वापरून ई-निविदा भरल्या आहेत, त्यांना ही अपवादांची यादी आणि जावाच्या आवृत्त्यांची कटकट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तोवर ब्राउझरांनीही ठरवले होते. जावासारखे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेले प्रोग्राम, ज्या एनपीएपीआय नावाच्या जुन्या जोडणीतून चालत ती जोडणी क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये आवृत्ती ४२ पासून आपणहून बंद ठेवली आणि सप्टेंबरमध्ये आवृत्ती ४५ मधून काढूनच टाकली. विंडोज १० सोबत जुलै २०१५ मध्ये आलेल्या एज ब्राउझरमध्ये अशा प्लगइनना जागाच नव्हती. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये आवृत्ती ५२ पासून फ्लॅश वगळता बाकीच्यांना निरोप दिला. ओरॅकलने ब्राउझर-प्लगइन मोडीत काढत असल्याचे जानेवारी २०१६ मध्ये सांगितले होते, आणि सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मध्ये तो उरलाच नाही. मोबाईल फोनवर तर ही ॲप्लेट कधी चाललीच नव्हती.

बोर्डचालकापुढील मार्ग

अशा वेळी एका सामान्य बोर्डचालकाची स्थिती पाहावी. त्याने ॲप्लेट लिहिलेले नसते, फक्त वापरलेले असते. मूळ प्रोग्राम बऱ्याच वर्षांपूर्वी पूर्ण झालेला. स्वाक्षरीचे प्रमाणपत्र दरवर्षी पैसे भरून घ्यायचे आणि दुसऱ्याच्या प्रोग्रामवर आपली स्वाक्षरी करायची, हा उद्योग छंदापायी कोण करणार? त्याच्यापुढे चार-पाच मार्ग होते.

पहिला मार्ग म्हणजे पाहुण्यांना सूचना देणे: इंटरनेट एक्सप्लोरर वापरा, जावा बसवा, आमचे नाव अपवादांत घाला. हे नेहमीच्या मंडळींनी काही काळ केले. परंतु नवा माणूस एका हौशी बोर्डसाठी आपल्या संगणकाची सुरक्षा सैल करणार नाही, आणि करू नये हेच बरोबर होते. ज्या बोर्डवर नवा माणूस येणे थांबते त्याला उतरती कळा लागायला वेळ लागत नाही. शिवाय इंटरनेट एक्सप्लोररचेही दिवस भरत आले होते. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने तो निवृत्त केला.

दुसरा मार्ग बाहेर काढलेली चित्रे चढवू देण्याचा. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपा, कारण पोटी-बोर्डसारख्या स्क्रिप्टचे पूर्वज मुळात चित्रे चढवण्याचेच बोर्ड होते. पण मग सर्वांना समान साधन, पानावरच काढण्याची सक्ती, चित्राखालची वेळ, किमान श्रमाची अट आणि काढण्याची नोंद यांतले काहीच राहत नाही. उरतो तो पिक्सिव्हच्या तुलनेत फारच दुबळा चित्रसंग्रह. हा मार्ग घेणाऱ्याने बोर्ड जिवंत ठेवला असे नाममात्रच म्हणता येईल.

तिसरा मार्ग नव्या तंत्राचा, अधिक समर्थ प्रोग्राम बसवण्याचा. याचे चांगले उदाहरण चिकनपेंट. चिकन स्मूदी या आभासी पाळीव प्राण्यांच्या संकेतस्थळावर ओएकाकीला वाहिलेला विभाग होता आणि तेथे वापरात असलेले चिबीपेंट हे जावा ॲप्लेट जावास्क्रिप्टमध्ये (नाव सारखे असले तरी जावाहून वेगळी, ब्राउझर स्वतःच चालवतो ती भाषा) उतरवून चिकनपेंट तयार झाले. त्यात हवे तितके लेयर, लेयर मिसळण्याच्या अनेक पद्धती आणि पेनाचा दाब ओळखण्याची सोय आहे. तेथील वापरकर्त्यांना चिबीपेंटची सवय असल्याने त्यांच्यासाठी हेही एका अर्थी जुन्याचेच पुनरुज्जीवन होते. मात्र पेंटबीबीएसवर वाढलेल्या बोर्डसाठी ते परके घर होते: मास्कवर बेतलेली हाताची सवय तेथे निरुपयोगी, आणि दोन लेयरांच्या जागी वीस लेयर मिळाले की दहा मिनिटांत संपणारे चित्र दोन तासांचे होते. मग ते काढायला बोर्ड कशाला, असा प्रश्न चित्रकाराच्या मनात उभा राहतोच.

चौथा मार्ग बोर्ड बंद करण्याचा. तो घेणारे अनेक होते.

निओने काय धरून ठेवले

पेंटबीबीएस निओ हे मूळ पेंटबीबीएसचे जावास्क्रिप्टमधील अनुकरण आहे. प्लगइन लागत नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या कॅनव्हासवर ते चालते. मूळ खिडकीचा फिकट जांभळट चौकटीचा साज, उजवीकडील पट्टी, बटणांचा क्रम, १४ रंगांचे खाने, दोन लेयर, मास्कचे प्रकार, टोन, सगळे जागच्या जागी आहे. जुन्या माणसाचा हात न पाहता जेथे जाई तेथेच ते साधन सापडते. कॅनव्हासवर रेघ ओढण्याची तयार सोय ब्राउझर देतात, पण ती कडा मऊ करते. निओ त्या सोयीवर विसंबून न राहता ठिपके स्वतः मोजून रंगवते, म्हणून पायऱ्यांची रेषा पायऱ्यांचीच राहते.

चित्रकाराला दिसणारी ही बाजू झाली. माझ्या मते बोर्ड टिकण्यात याहून मोठा वाटा न दिसणाऱ्या बाजूचा आहे. मूळ ॲप्लेट चित्र सर्व्हरकडे पाठवताना माहिती एका साध्या क्रमाने रचत असे. पहिले अक्षर कोणत्या प्रोग्रामकडून पाठवणी आली ते सांगे, पेंटबीबीएससाठी ‘पी’ आणि शी-पेंटरसाठी ‘एस’; मग आठ अंकांत पुढील मजकुराची लांबी आणि तो मजकूर; पुन्हा आठ अंकांत चित्राची लांबी आणि चित्र; शेवटी नोंद असेल तर तिची लांबी आणि ती नोंद. सर्व्हरवरची स्क्रिप्ट हे अंक वाचून माल तोडून घेई. निओने पाठवणीचा हाच क्रम पाळला. त्यामुळे पोटी-बोर्डसारख्या स्क्रिप्टमधील चित्र स्वीकारणारा भाग होता तसाच चालू राहिला. बोर्डचालकाला पानात निओच्या दोन फाइलींची नावे घालायची आणि ॲप्लेटची खूण बदलायची, इतकेच करावे लागे. कॅनव्हासचा आकार, चित्र कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, पाठवल्यावर कोठे जायचे हे सांगणारे जुने निर्देशही निओ वाचते. प्रोग्रामर नसलेल्या माणसाला जमेल इतकाच बदल मागणे, हा या प्रकल्पाचा निर्णायक गुण ठरला. याहून देखणा प्रोग्राम लिहून त्यासाठी नवी स्क्रिप्ट बसवायला सांगितले असते, तर कित्येक बोर्डचालकांनी तेथेच हात टेकले असते.

येथे असा आक्षेप येऊ शकतो की जुन्या मर्यादा केवळ जुन्या काळाच्या नाइलाजातून आल्या होत्या आणि त्या जपणे हे स्मरणरंजन आहे. फाइलीच्या आकाराबाबत हा आक्षेप रास्त आहे. आज कोणालाही किलोबाइट मोजायचे कारण नाही. मात्र दोन लेयर आणि एकसारखी रेषा यांनी बोर्डवर एक प्रकारची समता राखली होती. महागड्या टॅब्लेटवाल्याचे आणि शाळेतल्या मुलाच्या माऊसचे चित्र शेजारी-शेजारी लागे आणि दोघांनाही दुसऱ्याने ते कसे केले हे नेमके कळे, कारण साधने तीच होती. निओमध्ये बोटाने किंवा पेनानेही काढता येते, म्हणजे येण्याचे दार रुंद झाले आहे. आतली खोली तेवढीच ठेवली आहे. हा तोल मला पटतो.

जुन्या नोंदींचे काय झाले

आता दुसरी बाजू. निओतही चित्र काढण्याची नोंद होते, तिच्या फाइलीलाही पीसीएच हाच प्रत्यय आहे आणि पानावर तोच दुवा दिसतो. पण आतली रचना निओची स्वतःची आहे. निओच्या नोंदीची सुरुवात ‘एन’, ‘ई’, ‘ओ’ या तीन अक्षरांनी होते आणि पोटी-बोर्डची स्क्रिप्ट फाइल उघडून ती पहिली तीन अक्षरे वाचते व त्यावरून ही नोंद निओची की जुन्या जावाची हे ठरवते. निओची असेल तर ती निओत चालते. जावाची असेल तर तिला जुने ॲप्लेटच लागते.

याचा अर्थ असा की जावा गेले त्या दिवशी बोर्डवरची जुनी चित्रे जागेवर राहिली, नवी चित्रे निओमुळे येत राहिली, पण त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांतील चित्रांमागचा हात दिसेनासा झाला. ज्यांचे चित्र अर्धवट होते त्यांना ते पुढे चालवताना एकत्र झालेल्या एकाच थरावर समाधान मानावे लागले. अनुकरण इतके हुबेहूब असताना जुनी नोंद मात्र का चालू नये, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर नोंदीच्या स्वरूपात आहे.

पीसीएच फाइल म्हणजे चित्रफीत नव्हे. तीत चित्रे साठवलेली नसतात. अमुक साधन, अमुक रंग, अमुक जाडी, येथून येथवर, अशा आज्ञा असतात. संगीताची स्वरलिपी असते तसे हे आहे: ती वाजवणारे वाद्य वेगळे लागलेले असेल तर तेच स्वर वेगळे ऐकू येतात. साधी पेन्सिल कोणत्याही प्रोग्रामने सारखीच उमटवावी अशी अपेक्षा करता येते. पण धूसर करण्याचे किंवा जलरंगाचे साधन आसपासच्या ठिपक्यांची सरासरी काढून नवा रंग ठरवते आणि त्या हिशेबात पूर्णांक कोठे छाटला यावरून रंग एका अंकाने इकडेतिकडे होतो. डोळ्यांना हा फरक दिसणारही नाही. मास्कला मात्र तो दिसतो, कारण मास्क रंग नेमका जुळला तरच अडवतो. एका ठिपक्याचा रंग एका अंकाने हुकला की तो मास्कबाहेर पडतो, पुढची रंगाची फेरी त्यावर चढते, त्यावर पुन्हा धूसर करणे येते, आणि शंभर आज्ञांनंतर चेहऱ्याची कड विस्कटलेली असते. म्हणजे जुन्या नोंदी खात्रीने चालवायच्या तर साधनांचा बाह्य परिणाम सारखा असून भागत नाही, मूळ प्रोग्रामचा प्रत्येक हिशेब शेवटच्या अंकापर्यंत तसाच करावा लागतो. एका माणसाने स्वतःच्या वेळात लिहिलेल्या अनुकरणाकडून ही अपेक्षा मी करणार नाही. स्वतःची वेगळी रचना ठेवून आणि पहिल्या तीन अक्षरांत ती उघडपणे सांगून निओने प्रामाणिक मार्ग घेतला. जुनी नोंद उघडून चुकीचे चित्र दाखवणे हे काहीच न दाखवण्यापेक्षा वाईट झाले असते.

जुन्या नोंदींना पुढे वेगळ्याच दिशेने मदत मिळाली. चीर्पजे नावाचे तंत्र जावाचे तयार प्रोग्राम ब्राउझरमध्ये प्लगइनशिवाय चालवते. मूळ ॲप्लेटमध्ये काही बदल करावा लागत नाही. पोटी-बोर्डच्या नव्या आवृत्त्यांनी ते जोडून घेतले आणि जावाच्या नोंदी तसेच शी-पेंटर त्यातून चालवण्याची वाट काढली. वाद्यच मूळचे असल्याने येथे एका अंकाच्या फरकाचा प्रश्न येत नाही. वेग मूळच्या इतका नाही, पण नोंद पाहण्यापुरते ते पुरते.

या वाटेला दोन गोष्टी हाताशी लागतात: नोंदीची फाइल आणि ॲप्लेटची मूळ फाइल. निओ बसवताना ‘आता हे कशाला’ म्हणून जुने ॲप्लेट सर्व्हरवरून पुसणे अगदी स्वाभाविक होते, आणि जागा वाचवायला न चालणाऱ्या नोंदी काढून टाकणेही. ज्याने दोन्ही तशाच पडू दिल्या, त्याच्या आळसाला फळ आले. ॲप्लेट इतरत्र मिळू शकते; पुसलेली नोंद मिळत नाही. जावा अजून चालत होते त्या दोन-तीन वर्षांत बोर्डवरच्या निवडक नोंदी एकदा चालवून साध्या चित्रफितीत साठवून ठेवणे शक्य होते आणि तेव्हा ते काम काही दुपारींचे होते. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील खरी हुकलेली संधी ती आहे. सगळ्यांचे लक्ष बोर्ड पुन्हा कसा सुरू होईल याकडे होते, आणि तशा घाईत मागच्या सामानाकडे कोण पाहतो?

आजची स्थिती

आज पोटी-बोर्ड किंवा पेटिट नोट यांसारखी स्क्रिप्ट बसवलेल्या बोर्डवर गेले तर चित्र काढण्याआधी प्रोग्राम निवडण्याची यादी समोर येते. त्यात निओ असते, चिकनपेंट असते, फोरचॅनच्या ओएकाकी विभागासाठी तयार झालेले तेगाकी असते आणि क्लेकी या ब्राउझरमधील चित्रकला-साधनाचा मुक्त अवतार असलेले क्लेक्सही असते. सर्वांना एकच साधन ही जुनी समता त्यामुळे सैल झाली आहे, पण चित्राशेजारी ते कशात काढले याचे नाव लिहिलेले असल्याने पाहणारा त्या हिशेबानेच दाद देतो. निओ निवडणारा बहुधा मुद्दाम निओ निवडतो.

यांतील प्रत्येक प्रोग्राम चित्रासोबत आपली वेगळी फाइल सर्व्हरवर ठेवतो. निओची आज्ञांची नोंद आहे. तेगाकीचीही नोंद आहे, वेगळ्या रचनेची. चिकनपेंट लेयर साठवते ते स्वतःच्या सीएचआय स्वरूपात. क्लेक्स लेयर पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वरूपात ठेवते. या चारांपैकी तो बोर्ड आणि तो प्रोग्राम दोन्ही नाहीसे झाल्यावरही सहज उघडता येईल अशी एकच आहे, पीएसडी, कारण ती वाचणारे प्रोग्राम शेकड्याने आहेत. पण तीत लेयर आहेत, हात नाही. बाकीच्या तिघांना आपापला प्रोग्राम जिवंत लागेल. फरक इतका आहे की निओ, चिकनपेंट आणि तेगाकी यांचे स्रोतसंकेत खुले आहेत, त्यामुळे पुढच्या वेळी कोणाला हे सारे पुन्हा उभे करायचे झाले तर शेवटच्या अंकापर्यंतचा हिशेब त्याला बाहेरून अजमावावा लागणार नाही, उघडून वाचता येईल.